नवी एनव्हीएमई सांगून वापरलेली साटा बसवली: पुण्यातला अनुभव

गेमिंग लॅपटॉपमध्ये जास्तीची एसएसडी (फाइली साठवायची ड्राइव्ह) टाकून घ्यायचा विचार असेल तर हे आधी वाचा. पुण्यातल्या एका दुकानाने माझ्या भाच्याला नवी एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारची एसएसडी, सांगून जुनी, वापरलेली साटा, म्हणजे हळू प्रकारची एसएसडी विकली. राग पैशांचा आहेच, पण त्याहून जास्त राग या गोष्टीचा आहे की ही लबाडी बहुतेक गिऱ्हाइकांच्या कधी लक्षातच येणार नाही, आणि दुकानदाराला ते पक्कं ठाऊक असतं.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशांतून त्याने लॅपटॉप घेतला. मूळची ५१२ जीबी भरत आली होती. हल्लीचे मोठे गेम एकेक शंभर-दीडशे जीबी खातात, वर कॉलेजची सॉफ्टवेअर. लॅपटॉपमध्ये एम डॉट टूचा (पट्टीसारखी एसएसडी बसते तो) दुसरा स्लॉट रिकामा होता, म्हणून त्याने दुकानात व्हॉट्सअ‍ॅपवर भाव विचारला. उत्तर आलं: ‘५१२ एनव्हीएमई जेन ३, नवीन, ३ वर्षं वॉरंटी, बसवून साडेचार हजार.’ हा मेसेज त्याने जपून ठेवला होता, ते फार बरं झालं.

दुकानात मी सोबत होतो. एसएसडी आतल्या खोलीतून आली, ना खोका ना सील. विचारलं तर दुकानदार म्हणाला, “साहेब, हा कंपनीचा ट्रेमधला माल असतो, खोका येतच नाही. म्हणून तर स्वस्त पडतो.” वरच्या बाजूला पूर्ण लांबीचं काळं स्टिकर. “हे उष्णतेसाठी आहे, काढू नका, वॉरंटी जाईल.” पाच-दहा मिनिटांत बसवून दिली, लॅपटॉप चालू केला, विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसले. ५१२ च्या ड्राइव्हला विंडोज तेवढेच दाखवतं, म्हणजे आकडा बरोबर होता. बिलावर मात्र फक्त ‘एसएसडी ५१२ – १ नग’. मॉडेल आणि सिरीयल नंबर टाकायला सांगितलं तर “वॉरंटी आमच्या सिस्टिममध्ये आहे” म्हणाला.

इथे सगळी मेख आहे. एम डॉट टू हा फक्त आकार आहे. लॅपटॉपमध्ये येते ती बहुधा २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब पट्टी. त्या पट्टीवर साटाही असू शकते आणि एनव्हीएमईही. साटा कितीही चांगली असली तरी सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या वर जात नाही. जेन ३, म्हणजे तिसऱ्या पिढीची, एनव्हीएमई साडेतीन हजार एमबीपर्यंत आणि जेन ४ सात हजारांच्या आसपास जाते. काही लॅपटॉपचा स्लॉट फक्त एनव्हीएमई घेतो, तिथे साटा लावली तर दिसणारच नाही आणि चोरी जागेवर पकडली जाईल. पण काहींमध्ये निदान एक स्लॉट दोन्ही घेतो. भाच्याचा तसाच होता.

आणि गेम खेळताना हा फरक कळत नाही. फ्रेम्स ठरतात ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरवर. गेम उघडायलाही बहुतेक वेळा साटा आणि एनव्हीएमईमध्ये काही सेकंदांचाच फरक पडतो. म्हणजे मुलगा दोन वर्षं आनंदाने खेळेल आणि त्याला कधी शंकाही येणार नाही. खरं तर निव्वळ गेम साठवायला चांगली नवी साटाही पुरते. पण मग ती साटा म्हणून, साटाच्या भावात, नवी द्या ना!

आम्हाला कळलं ते कॉपी करताना. पहिल्या ड्राइव्हवरून एका गेमचं अख्खं फोल्डर भाच्याने नव्या ड्राइव्हवर टाकायला घेतलं. दोन्ही एनव्हीएमई असत्या तर सुरुवातीला तरी वेग हजाराच्या पुढे दिसायला हवा होता. विंडोजचा हिरवा आलेख साडेचारशेच्या आसपास सपाट झाला तो वर गेलाच नाही. मग त्याने क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. ‘ट्रान्सफर मोड’समोर लिहिलेलं: साटा/६००. ‘पॉवर ऑन अवर्स’समोर ११ हजारांच्या वर. वर्षाचे तास होतात ८,७६०. नवी म्हणून दिलेली वस्तू वर्षाहून जास्त काळ कुठेतरी चालू होती.

खात्री करायला तपकीर गल्लीतल्या ओळखीच्या कारागिराकडे गेलो. त्याने लॅपटॉप उघडून पट्टी बाहेर काढली आणि तिची सोनेरी कड उजेडात धरली. “काका, इथे बघा, दोन खाचा आहेत. एनव्हीएमईला बहुतेक एकच असते.” मग गरम हवेने काळं स्टिकर हळूच सोडवलं. खाली दुसऱ्याच कंपनीचं मळकं लेबल, त्यावर साटा छापलेलं आणि चार-पाच वर्षांपूर्वीची तारीख. तो म्हणाला, ऑफिसांतून निघालेल्या जुन्या लॅपटॉपमधल्या अशा पट्ट्या ढिगाने येतात. आयटी कंपन्यांच्या या शहरात त्या कुठून येत असतील हे वेगळं सांगायला नको. जुना माल जुना म्हणून विकण्यात काहीच गैर नाही, तो कारागीरही विकतो, पण तास दाखवून आणि निम्म्या भावात.

दुकानदार आधी म्हणाला, “एसएसडी सांगितली, एसएसडी दिली.” मेसेज दाखवल्यावर “पोराकडून चुकून गेली असेल”, आणि मग भिंतीवरच्या पाटीकडे बोट: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. त्या पाटीला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार वापरलेली वस्तू नवी म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांच्या आत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. आम्ही दुकानातूनच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, मेसेज, बिल आणि लेबलचे फोटो जोडून तक्रार नोंदवली. त्यानंतर पैसे परत मिळाले, पण बरीच वादावादी करून. न मिळते तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.

घेताना पैसे द्यायच्या आधी काउंटरवरच क्रिस्टलडिस्कइन्फो चालवायला लावा. एनव्हीएमई असेल तर इंटरफेससमोर ‘एनव्हीएम एक्सप्रेस’ आणि ट्रान्सफर मोडमध्ये पीसीआयई दिसलं पाहिजे. तास दोन-चार असले तर ठीक. मात्र तासांचे आकडे पुसताही येतात, म्हणून शून्य दिसलं तरी सीलबंद खोका आणि कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकून दिसणारी वॉरंटी या दोन्ही गोष्टी हव्यातच. लेबलवर काही चिकटवलेलं असेल तर ती पट्टी घेऊच नका. बिलावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून देत नसेल तर दुसरं दुकान बघा, पुण्यात दुकानांना तोटा नाही.

आमची पट्टी त्या दुकानदाराकडे परत गेली आहे आणि तो ती फेकून देणार नाही. तुम्ही इतक्यात पेठेतून कुठूनही काळ्या स्टिकरची, बिनखोक्याची एसएसडी बसवून घेतली असेल तर आजच तास आणि ट्रान्सफर मोड बघून घ्या. ३० दिवस भरायच्या आत.