दुकान शोधण्यासाठी कोणता नकाशा? गूगल मॅप्स आणि ओपनस्ट्रीटमॅप यांची तुलना

जवळपासचे दुकान किंवा कारागीर शोधायचा असेल, तर बहुतेक लोक गूगल मॅप्स उघडतात. २००५ साली आलेला हा व्यापारी नकाशा अनेक फोनमध्ये आधीपासूनच बसवलेला असतो. त्याला पर्याय म्हणून ओपनस्ट्रीटमॅपचे नाव घेतले जाते. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केलेला हा नकाशा स्वयंसेवक भरतात, आणि सामान्य वापरकर्ता तो ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड यांसारख्या अ‍ॅपमधून पाहतो. केवळ दुकान सापडण्यापुरता विचार केला, तर गूगल पुष्कळ पुढे आहे आणि त्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. सापडलेल्या नोंदीवर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्न मात्र वेगळा आहे.

दोन्ही नकाशांत नोंद कशी तयार होते, हे पाहिले की बाकीचे बरेच फरक आपोआप उलगडतात. गूगलवर दुकानाचा मालक स्वतःचे प्रोफाइल तयार करतो किंवा आधीपासून असलेल्या नोंदीवर हक्क सांगतो, वेळा आणि दूरध्वनी क्रमांक भरतो, छायाचित्रे चढवतो. ग्राहक त्यात अभिप्रायांची भर घालतात. मालकाचा धंदा त्यावर अवलंबून असल्यामुळे सुट्टीच्या दिवसाची बदललेली वेळसुद्धा तेथे अनेकदा मिळते. ओपनस्ट्रीटमॅपचा नियम निराळा आहे: जागेवर जाऊन दुसऱ्या कोणालाही पडताळता येईल तेवढेच नोंदवायचे. कोणीतरी रस्त्याने जातो, पाटी वाचतो आणि नोंद करतो. त्यामुळे ज्याला पाटीच नाही, जो ग्राहकाच्या घरी जाऊन काम करतो, असा नळदुरुस्ती करणारा किंवा वीजतंत्री या नकाशावर सहसा सापडत नाही. गूगल अशा व्यावसायिकाला पत्ता लपवून केवळ सेवेचा परिसर दाखवण्याची सोय देते. घरी बोलावून करून घेण्याच्या कामांसाठी सामुदायिक नकाशा उघडणे म्हणजे वेळ दवडणे होय.

पण स्वतःची माहिती स्वतःच सांगण्याच्या याच सोयीतून खोट्या नोंदीही शिरतात. कुलूप उघडून देणाऱ्यांच्या बनावट नोंदी हा त्यातला जुना आणि कुप्रसिद्ध प्रकार आहे. ज्या ठिकाणी दुकान दाखवले जाते तेथे प्रत्यक्षात काहीच नसते आणि दूरध्वनी भलत्याच ठिकाणी लागतो. बनावट प्रोफाइल लाखोंच्या संख्येने हटवल्याचे आकडे गूगल स्वतःच प्रसिद्ध करते. ते हटवतात हे चांगले, पण उरलेल्यांत किती आहेत हे वापरकर्त्याला कळण्याचा मार्ग नाही. शोधाचा क्रम शोधाशी जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी यांवर ठरतो, असे गूगल सांगते. जाहिराती वेगळ्या खुणेने दाखवल्या जातात, तरी घाईत असलेल्या माणसाचे त्या खुणेकडे लक्ष जाईलच असे नाही. ऑरगॅनिक मॅप्समध्ये जाहिरात नाही आणि तारांकित गुणही नाहीत. अभिप्राय हे व्यक्तिगत मत असल्यामुळे ओपनस्ट्रीटमॅप ते साठवतच नाही. दोन सायकल दुरुस्तीवाल्यांपैकी चांगला कोण, हे त्यातून कधीच कळणार नाही.

नोंद शिळी आहे की ताजी, हे ओळखण्याची सोय मला या तुलनेत सर्वांत महत्त्वाची वाटते. ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदीचा पूर्ण इतिहास उघडा असतो: पहिल्यांदा कोणी भरली, कोणत्या तारखेला काय बदलले, शेवटचा हात कोणाचा लागला. गूगल आपल्या नोंदीचा असा इतिहास दाखवत नाही. तेथे सर्वांत नव्या अभिप्रायाची किंवा छायाचित्राची तारीख पाहून अंदाज बांधावा लागतो, आणि गजबजलेल्या दुकानाबाबत ही युक्ती चांगली चालते. अर्थात ओपनस्ट्रीटमॅपची तारीखही डोळे झाकून घेऊ नये. कोणी केवळ नावातले स्पेलिंग दुरुस्त केले असेल, तर नोंद ताजी दिसते, पण दुकान अजून चालू आहे का हे त्या माणसाने पाहिलेले असेलच असे नाही. यासाठी पडताळणीची वेगळी तारीख नोंदवण्याची सोय आहे. ती वापरणारे मात्र थोडे. शिवाय बंद पडलेल्या दुकानावर गूगल ‘कायमचे बंद’ असा शिक्का मारून नोंद काही काळ ठेवते, त्यामुळे चक्कर वाचते. सामुदायिक नकाशावर ते दुकान बहुधा नुसते दिसेनासे होते. मग दुकान बंद झाले की तेथपर्यंत अजून कोणी स्वयंसेवक पोचलाच नाही, हे वाचणाऱ्याने कसे ठरवायचे?

दारापर्यंत पोचण्याच्या बाबतीत पारडे फिरते. इमारतीचे नेमके प्रवेशद्वार, मधली पायवाट, पायऱ्या, चाकाची खुर्ची आत जाते की नाही, हे तपशील जेथे स्वयंसेवक सक्रिय आहेत तेथे ओपनस्ट्रीटमॅपवर फार बारकाईने भरलेले असतात. इंटरनेट नसताना फरक अधिक जाणवतो. गूगलचा उतरवून ठेवलेला नकाशा गाडीचा रस्ता सांगतो, पायी जाण्याचा सांगत नाही; ऑरगॅनिक मॅप्समध्ये शोध आणि पायी मार्ग दोन्ही फोनवरच चालतात, आणि आपण काय शोधले हे कोणाच्या सर्व्हरकडे जात नाही.

चूक दिसली तर गूगलला सुधारणा सुचवता येते. ती स्वीकारायची की नाही हे कंपनी ठरवते. ओपनस्ट्रीटमॅपवर बदल लगेच मूळ माहितीत जातो, पण अ‍ॅपमधला नकाशा नव्याने उतरवून घेईपर्यंत तो आपल्यालाच दिसत नाही, ही गोष्ट नव्या माणसाला हमखास गोंधळात टाकते. अँड्रॉइडवरचे स्ट्रीटकम्प्लीट हे अ‍ॅप चालता चालता ‘या दुकानाच्या वेळा काय?’ असे साधे प्रश्न विचारून नोंदी भरून घेते. संपादनाची धास्ती वाटणाऱ्यांनी तेथून सुरुवात करावी.

ओपनस्ट्रीटमॅपवरची दुकानांची उणीव बाहेरची तयार माहिती ओतून एका फटक्यात भरून काढावी, असे कोणालाही वाटेल. फोरस्क्वेअर या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये १० कोटींहून अधिक ठिकाणांची माहिती खुली केली, तेव्हा ही शक्यता आणखी जवळ आल्यासारखी दिसली. परंतु ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मोठ्या प्रमाणावर बाहेरची माहिती ओतण्यापूर्वी समुदायात चर्चा करावी लागते, परवाना जुळतो का हे तपासावे लागते, आणि बंद पडलेली किंवा दोनदा नोंदलेली ठिकाणे गाळावी लागतात. ही कडक शिस्त वापरकर्त्याला त्रासदायक वाटते, पण ती मला योग्य वाटते. पाहून भरलेल्या नोंदींत न पाहिलेल्या नोंदी मिसळल्या, तर गूगलपेक्षा कमी दुकाने दाखवणाऱ्या या नकाशाकडे मुद्दाम वळण्याचे कारणच फारसे उरणार नाही.