आर्थर वॉर्टन यांचे सहा फलक : नागपूरच्या महाल भागातील एका छपाई दुकानाचा अनुभव

जगातील पहिले कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून सर्वसाधारणपणे ओळखल्या जाणाऱ्या आर्थर वॉर्टन यांच्या कारकिर्दीचे सहा फलक मैदानालगतच्या आमच्या खोलीत मुलांसाठी लावायचे ठरले, आणि ते काम आम्ही महालातील एका छपाई दुकानाकडे दिले. पाच मिलिमीटरच्या सनबोर्डवर (फोमच्या हलक्या पाटीवर) मॅट लॅमिनेशन केलेले, दोन बाय तीन फुटांचे हे फलक चौरस फुटाला ९५ रुपये या दराने ३,४२० रुपयांत झाले. तीन मिलिमीटरचा बोर्ड स्वस्त पडतो, परंतु नागपूरच्या मे महिन्यात तो वाकतो, हे दुकानदारांनी स्वतःहून सांगितले. अख्खा उन्हाळा टिनाच्या छपराखाली काढूनही आमचा एकही फलक वाकलेला नाही, तेव्हा सामानाबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती अक्षरजुळणीची. मजकूर युनिकोडमध्ये दिला होता; तो त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करताना रफार एक घर पुढे सरकला आणि पहिल्याच प्रूफमध्ये, म्हणजे तपासणीच्या नमुन्यात, ‘वॉर्टन’चे ‘वॉटर्न’ झाले. त्याहून गंभीर चूक तिसऱ्या फलकावर होती. १८८६ मध्ये लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर वॉर्टन यांनी १०० यार्डांची शर्यत १० सेकंदांत जिंकली होती; ऑपरेटरने यार्ड खोडून ‘मीटर’ केले. शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, त्यामुळे या एका शब्दाने १८८६ सालच्या धावपटूला आजच्या धावपटूंच्या पंक्तीत नेऊन बसवले असते.

सर्वांत जास्त वेळ छायाचित्राने घेतला. जुने कृष्णधवल छायाचित्र दीड फुटापेक्षा मोठे केल्यास फाटेल, म्हणजे अस्पष्ट होईल, हा त्यांचा सल्ला प्रामाणिक होता. मात्र प्रूफ पाहिले तर वॉर्टन चक्क गोरे झालेले! वाढदिवसाच्या फ्लेक्सवर प्रत्येकाचा चेहरा उजळायचा, या सवयीने ऑपरेटरचा हात चालला होता. त्यात वाईट हेतू नव्हता. आजच्या घानातील अक्रा येथे २८ ऑक्टोबर १८६५ रोजी जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये गोलरक्षक म्हणून नाव कमावलेल्या या माणसाचा फलक आपण नेमका कशासाठी लावतो आहोत, हे मी सांगितल्यावर त्याने वाद न घालता, वेगळे पैसे न घेता मूळ छटा परत आणली आणि मग उरलेले फलक स्वतः वाचून काढले. आडव्या दांड्याला लटकून वॉर्टन यांनी पायांच्या पकडीत चेंडू अडवल्याची जी आठवण सांगितली जाते, ती त्याला इतकी आवडली की तेवढ्या ओळी ठळक करू का, असे त्यानेच विचारले. आमची मुलेही आज त्याच फलकापुढे घुटमळतात.

बाकीच्या मजकुरात फारसे अडले नाही. डार्लिंग्टन क्लब, १८८७ मध्ये एफए कप या इंग्लंडमधील फुटबॉल स्पर्धेच्या उपांत्य फेरीत हरलेला प्रेस्टन नॉर्थ एंडचा संघ, १८८९ मध्ये रॉदरहॅम टाउनशी केलेला व्यावसायिक करार आणि शेफील्ड युनायटेडमध्ये विल्यम फोक या धिप्पाड गोलरक्षकामुळे बाकावर गेलेला काळ, हे सारे नीट छापले गेले. शेवटचा फलक मी दुकानात ऑपरेटरच्या शेजारी बसून तपासला. १९०२ मध्ये खेळ थांबवलेले वॉर्टन पुढे कोळशाच्या खाणीत राबले, १९३० मध्ये वारले आणि त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला १९९७ साल उजाडले. अशा माणसाचे नाव आमच्या भिंतीवर तरी चुकू नये, एवढाच आग्रह होता.

तीन दिवसांचा वायदा सहा दिवसांवर गेला, त्यातले दोन दिवस माझ्या दुरुस्त्यांचे. साधा फ्लेक्स हवा असेल तर इथे डोळे झाकून जावे. इतिहासाचा मजकूर असेल तर प्रूफ कागदावर काढून मागावे, कारण व्हॉट्सॲपवर आलेल्या चित्रात रफार दिसत नाही. पाचव्या फलकावर ओळींमधले अंतर इतर फलकांपेक्षा कमी राहिले आहे, पण ते माझ्याच नजरेतून सुटले.