रस्त्यावरचं अत्यवस्थ पिल्लू: चोवीस तासांचं हॉस्पिटल, धर्मादाय दवाखाना की घरीच शुश्रूषा?

मांजराचं अत्यवस्थ पिल्लू हातात आलं की लोक लगेच फोनाफोनी सुरू करतात: कुठलं हॉस्पिटल चांगलं, कुठलं स्वस्त? त्याआधी दोन मिनिटं पिल्लाकडे नीट बघा. त्याला आत्ता रात्रभर कुणी शेजारी बसायला हवंय, ऑक्सिजन हवाय, की हाडांचं ऑपरेशन करणारा हात हवाय? वाट त्यावरून ठरते, आणि पैसे कुठे घालायचे तेही.

वाटा तीन आहेत. पहिली, चोवीस तास चालणारं खासगी हॉस्पिटल. दुसरी, धर्मादाय संस्थेचा किंवा पशुवैद्यकीय कॉलेजचा दवाखाना. तिसरी म्हणजे दिवसा जवळच्या डॉक्टरकडे ने-आण आणि रात्री घरी शुश्रूषा. रस्त्यावरच्या मांजरांना खायला घालणाऱ्या आम्हा बहुतेकांना या तिन्हींमधून जावं लागलं आहे. एकच वाट कायम बरोबर असते असं मला अजिबात वाटत नाही.

पहिला तास मात्र तिन्हीकडे सारखाच. पिल्लू हाताला गार लागत असेल तर आधी ऊब द्या: गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, थेट अंगाला लावू नका, आणि त्याला दूर सरकायला जागा ठेवा. गार पिल्लाला दूध पाजू नका. त्याचं पोट त्या वेळी काम करत नसतं, आणि पाजलेलं फुप्फुसात जाण्याची भीती असते. साखर उतरलेली असते म्हणून साखरेचं घट्ट पाणी किंवा मध बोटाने हिरडीला चोळा. गायी-म्हशीचं दूध ऊब आल्यावरही नको, त्याने जुलाब लागतात. मांजराच्या पिल्लांची दूध पावडर मिळते, ती आणा. आणि ताप वाटला म्हणून घरातलं पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. मांजरासाठी ते विष आहे, अर्ध्या गोळीनेसुद्धा मोठं मांजर दगावू शकतं. कुत्र्यांच्या गोचिडांवरचं परमेथ्रिनचं औषधही तसंच.

खासगी हॉस्पिटल: पैसे कशाचे पडतात

इथे बिल मोठं होतं, हे खरं आहे. मुंबई-पुण्यात रात्रीची तपासणी, रक्ताच्या चाचण्या, एक्स-रे आणि पहिल्या दिवसाची भरती मिळून पाच ते दहा हजार सहज होतात, आणि चार-पाच दिवस ठेवावं लागलं तर आकडा वीस-तीस हजारांवर जातो. शहर, हॉस्पिटल आणि आजार यांनुसार तो बराच बदलतो, म्हणून लेखी अंदाज मागून घ्या.

पण या पैशांत नक्की काय मिळतं ते समजून घ्या. पिल्लाला दिवसाला किलोमागे साधारण 80 ते 120 मिलि द्रव लागतं. म्हणजे 400 ग्रॅमच्या पिल्लाला चोवीस तासांत चाळीसेक मिलि. जुलाब-उलट्यांची भरपाई वेगळी धरली तरी सलाइनची 500 मिलिची बाटली त्याच्यासाठी समुद्र आहे. सलाइनच्या बारीक थेंबांच्या नळीत (सेटमध्ये) 60 थेंबांचा 1 मिलि होतो. त्या हिशोबाने चाळीस मिलि म्हणजे मिनिटाला दोन थेंबसुद्धा नाहीत. नळीवरची चकती जरा सैल झाली की फुप्फुसात पाणी भरून पिल्लू जातं. म्हणून इन्फ्युजन पंप, म्हणजे ठरल्या वेगाने सलाइन सोडणारं यंत्र, लागतो, आणि दर काही तासांनी साखर आणि तापमान तपासणारा माणूस लागतो. पैसे आहेत ते याचे.

तेव्हा भरती करण्याआधी विचारा: पंप आहे का? रात्री डॉक्टर जागेवर असतात की फोनवर? मांजरांचा वॉर्ड कुत्र्यांपासून वेगळा आहे का? ‘24 तास’ अशी पाटी असलेल्या एका ठिकाणी मध्यरात्रीनंतर फक्त एक मदतनीस मुलगा असतो हे मला नंतर कळलं. त्या मुलाचा त्यात काही दोष नव्हता, पण ज्या कारणासाठी पैसे भरले तेच तिथे नव्हतं. अशा ठिकाणी पिल्लू ठेवण्यापेक्षा ते घरी तुमच्या शेजारी बरं.

तोंड उघडून श्वास घेणारं पिल्लू, फिट येणारं पिल्लू, हिरड्या पांढऱ्याफटक पडलेलं पिल्लू आणि ऊब देऊनही शुद्धीवर न येणारं पिल्लू, या चौघांसाठी मी दुसरा विचार करणार नाही. जवळात जवळचं, रात्री उघडं असलेलं हॉस्पिटल गाठायचं. पैशांची मर्यादा असेल तर ती दारातच सांगा: “माझ्याकडे आज इतके आहेत. आधी पिल्लू स्थिर करा, पुढच्या प्रत्येक चाचणीआधी मला विचारा.” चांगले डॉक्टर हे ऐकून घेतात आणि कुठली चाचणी उद्यावर ढकलता येईल तेही सांगतात. एकदम पाच दिवसांचं पॅकेज भरण्यापेक्षा बारा-बारा तासांनी निर्णय घेत जाणं पिल्लाच्याही हिताचं असतं, कारण लहान पिल्लाची अवस्था इतक्या वेळात पार पालटते.

धर्मादाय आणि कॉलेजचे दवाखाने

मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे, आणि त्याच परिसरात 1886 साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं हॉस्पिटल 2024 मध्ये सुरू झालं. ते ट्रस्टचं असलं तरी सगळं फुकट असं धरून जाऊ नका, आधी फोन करून दर विचारा. पुण्यात रेस्क्यू (RESQ) सारख्या प्राण्यांना वाचवणाऱ्या संस्था आहेत. मोठ्या शहरांबाहेर राहणाऱ्यांनी पशुवैद्यकीय कॉलेजांचे दवाखाने विसरू नयेत: नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गायी-म्हशींसाठी म्हणून ओळखला जातो, पण जखम धुणं, सलाइन, इंजेक्शन हे तिथेही होऊ शकतं.

या दवाखान्यांची खरी ताकद म्हणजे हाताखालून गेलेल्या केसेस. अपघातात मोडलेला पाय, पावसाळ्यात अळ्या पडलेली जखम, काढावा लागणारा डोळा किंवा पाय, हे काम इथले सर्जन रोज करतात. खासगीत ज्या ऑपरेशनला आकडा ऐकून घाम फुटतो ते इथे त्याच्या थोड्या भागात होतं. मोडलेल्या ओटीपोटाच्या हाडाला तर अनेकदा ऑपरेशनच लागत नाही, काही आठवडे पिंजऱ्यात विश्रांती पुरते. अनुभवी सर्जन हे एक्स-रे बघून सांगतो आणि तुमचे हजारो रुपये वाचतात.

उणीव दोन ठिकाणी आहे. ओपीडीच्या वेळा ठरलेल्या, रांग लांब. रात्री आणि रविवारी तुमच्या गावात काय उघडं असतं हे आजच विचारून ठेवा. दुसरी जास्त गंभीर: संसर्ग. जिथे दिवसभर आजारी रस्त्यावरची जनावरं येतात तिथे लस न झालेलं दीड महिन्याचं पिल्लू वॉर्डात ठेवणं म्हणजे पाय बरा करायला नेलं आणि पार्वो (पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे) घेऊन आणलं असं होण्याचा धोका. यात त्या दवाखान्यांची निष्काळजी नसते. विषाणूच तसा चिवट आहे. म्हणून ऑपरेशन तिथे करा, पण डॉक्टर सोडायला तयार असतील तर त्याच संध्याकाळी पिल्लू घरी आणा. आणि पिल्लू ठेवून निघून येऊ नका. तिथे जागा मोजक्या असतात, आणि बरं झाल्यावर न्यायला कुणी येणार आहे की नाही यावर ते घेतात की नाही हे बरेचदा ठरतं.

घरी, डॉक्टरच्या देखरेखीखाली

बहुतेक पिल्लांसाठी मला हीच वाट पटते, फक्त ती स्वस्त आहे म्हणून सोपी समजू नये. पैशाऐवजी इथे झोप आणि रजा खर्च होते.

सर्दी होऊन चिकटलेले डोळे, गळणारं नाक, खाणं बंद, हे शंभरातल्या बहुतेक पिल्लांचं दुखणं. कोमट पाण्याच्या कापसाने डोळे मोकळे करा, डॉक्टरने दिलेले थेंब आणि औषध वेळेवर द्या, बंद न्हाणीघरात गरम पाण्याच्या वाफेत दहा मिनिटं मांडीवर घेऊन बसा. मांजर वासावर खातं. नाक मोकळं झालं की तोंड आपोआप वाटीकडे जातं. यासाठी भरती करून हजारो रुपये घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

कातडीखाली सलाइन देणं डॉक्टरकडून शिकून घ्या, किंवा रोज नेऊन लावून घ्या. बाटली आधी कोमट करायची, दोन खांद्यांमधली सैल कातडी उचलायची, सुई त्या तंबूत शिरवायची. तिथे गोळा येतो आणि हळूहळू पुढच्या पायाकडे उतरतो, त्याने घाबरू नका. घाबरायचं ते पुढच्या वेळेपर्यंत तो गोळा तसाच राहिला तर. याचा अर्थ रक्ताभिसरण मंदावलंय, कातडीखालचं सलाइन आता पुरेसं नाही, शिरेतून द्यावं लागणार. त्याच क्षणी घरची वाट सोडून हॉस्पिटल गाठायचं.

दुसरी खूण वजनाची. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा आणा आणि रोज त्याच वेळी वजन लिहा. निरोगी पिल्लू दिवसाला दहाएक ग्रॅम वाढतं. आजारात ते टिकलं तरी पुरे. दोन दिवस लागोपाठ उतरलं तर डॉक्टरला फोन.

पार्वो असेल तर

मांजराचा पार्वो, म्हणजे पॅनल्युकोपेनिया, याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सर्वांत जास्त पैसे आणि अश्रू इथेच जातात. पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसतं पण पीत नाही, ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. उलट्या, मग जुलाब, रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने उतरतात. उपचार नाही केले तर पिल्लांत मृत्यूचं प्रमाण 90 टक्क्यांपर्यंत जातं. नीट उपचार करूनही साधारण निम्मीच वाचतात. पहिले पाच दिवस काढले तर बहुतेक पिल्लं वाचतात.

विषाणूवर थेट औषध नाही. द्रव, उलटी थांबवणारं औषध, अँटिबायोटिक, साखर, ऊब आणि थोडं थोडं अन्न, एवढ्यावर लढाई. म्हणून रक्तातल्या पांढऱ्या पेशींची मोजणी आणि पार्वो ओळखणारी किटची झटपट चाचणी यांवर खर्च करा, ते पैसे वाया जात नाहीत. उलट्या थांबत नसतील तर शिरेतून सलाइनसाठी हॉस्पिटल, आणि तेही पिल्लाला वेगळ्या खोलीत ठेवणारं. उलट्या आटोक्यात असतील आणि घरात दुसरं मांजर नसेल तर दिवसातून दोनदा डॉक्टर आणि रात्री घर हे चालतं.

घरात मांजरं असतील आणि त्यांची लस झालेली नसेल तर पिल्लू घरी आणू नका. हा विषाणू फरशीवर, पिंजऱ्यात वर्षभर टिकू शकतो. फिनेलने तो मरत नाही, उलट फिनेल आणि डेटॉल दोन्ही मांजराला घातक. साधं कपडे धुण्याचं ब्लीच एकास तीस पाण्यात मिसळून, आधी साबणाने घासलेल्या जागेवर दहा मिनिटं राहू द्यायचं, मग धुऊन कोरडं करून मांजर आत.

पैसे उभे करताना

क्राउडफंडिंगचं पान चालू व्हायला, तपासणी व्हायला आणि पैसे हातात यायला वेळ लागतो. आज रात्रीच्या डिपॉझिटला ते उपयोगी नाही. आज रात्री सोसायटीचा आणि मांजरप्रेमींचा ग्रुप उपयोगी. लोकांना तुमच्या खात्याऐवजी हॉस्पिटलचा क्यूआर कोड पाठवा आणि प्रत्येक बिलाचा फोटो त्याच ग्रुपवर टाका. पुढच्या पिल्लाच्या वेळी हीच माणसं परत पैसे देतात ती या हिशोबावर.

आणि मर्यादा आधीच ठरवा, घरातल्यांशी बोलून. तुम्ही दहा हजार देऊ शकत असाल तर दहाच. कर्ज काढून पाच दिवस भरती ठेवणारा माणूस पुढची दोन वर्षं एकाही प्राण्याला हात लावत नाही, हे मी पाहिलं आहे.

डॉक्टरला सरळ विचारा: तुमचं स्वतःचं पिल्लू असतं तर काय केलं असतं? पाठीचा मणका तुटलाय आणि मागच्या पायांत खोलवर चिमटा काढूनही वेदना जाणवत नाही, असं असेल तर दयामरणाचं इंजेक्शन हाही उपचारच आहे. ते पैसे नसल्यामुळे सुचवलं जातंय की पिल्लाला पुढे आयुष्यच उरलेलं नाही म्हणून, हे स्पष्ट करून घ्या. दुसऱ्या कारणासाठी होकार देताना स्वतःला दोष देऊ नका. पहिल्या कारणासाठी मात्र आधी दोन संस्थांना फोन करून बघा.

एवढ्या धावपळीत पिल्लाने तुम्हाला ओरखडलं किंवा चावलं असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी पालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात जा. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. पिल्लू लहान आहे, घरातच आहे म्हणून पहिला डोस पुढे ढकलू नका, आणि पुढचे डोस डॉक्टर सांगतील त्या तारखांना घ्या.