डोंगळ्यात भाड्याच्या मधपेट्या: एका हंगामाचा अनुभव

येवला तालुक्यात आमचा एक एकर डोंगळा, म्हणजे बियाण्यासाठी फुलावर आणलेला कांदा, असतो. घरच्यापुरतं उळं, म्हणजे कांद्याचं बी, ठेवून बाकीचं विकतो. दोन वर्षं गोंडे (कांद्याच्या फुलांचे झुबके) दिसायला भरगच्च, पण हातावर चोळले की निम्मं फोलपट. कांद्याच्या फुलातले पराग आधी झडतात आणि त्याच फुलातलं स्त्रीकेसर मागाहून तयार होतं, म्हणजे दुसऱ्या फुलावरून कुणीतरी पराग आणून द्यायलाच लागतात. गेल्या साली सासूबाई आणि मी सकाळी सकाळी गोंड्यांवरून हात फिरवत होतो. माशा याव्यात म्हणून गुळाचं पाणीही मारलं. मुंग्या तेवढ्या आल्या.

यंदा मेलिफेरा या पाळीव मधमाशीच्या चार पेट्या भाड्याने घेतल्या. पेटीमागे महिन्याला दीड हजार.

मधपाळ दादा पहिल्यांदा आले ते रिकाम्या हातानेच. "शेजारी कोण, कधी, काय फवारतं ते आधी सांगा, मग पेट्यांचं बघू." मला राग आला होता, खरं सांगते. पण त्यांच्या हट्टामुळे आम्ही सात खातेदार मारुतीच्या पारावर बसलो. ठरलं ते एवढंच: पेट्या असेपर्यंत फवारणी दिवस मावळल्यावर, आदल्या दिवशी मोबाइलवर निरोप, आणि माशांना घातक असलेलं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक फुलांवर अजिबात नाही. चुलत सासरे म्हणाले, "तुमच्या उळ्यासाठी आम्ही का थांबायचं?" दादांनी त्यांच्या कारल्याच्या मांडवाकडे बोट दाखवलं, कारल्यालाही माशीच लागते. पुढे ते काही बोलले नाहीत.

दहातला एखादा गोंडा उमलला तेव्हा पेट्या आल्या, त्याही रात्री, दारं बंद करून. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्या चढू नयेत म्हणून. इथवर काम चोख.

आता तक्रारी. एक पेटी अगदीच कमजोर निघाली, पोळ्याच्या चारच फ्रेमवर (चौकटींवर) माशी. बदलून मिळायला आठ दिवस गेले, त्यातले दोन दिवस तर फोनच लागेना. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त, माशीला तो फारसा आवडत नाही. पलीकडे मोहरी फुललेली, मग सगळ्या तिकडेच. हे दादांना माहीत होतं, पण मला कळलं ते मोहरीवरची गर्दी बघून मीच विचारलं तेव्हा. मोहरी सरल्यावर मात्र डोंगळा नुसता घुमत होता.

ठरलेलं एकदा मोडलंही. सातांतल्या एकाने सकाळी नऊला फुलकिड्यावर पंप मारला. दुपारी पेटीपुढे ओंजळभर मेलेल्या माशा. संध्याकाळी तो स्वतःच बघायला आला, बराच वेळ पेटीपाशी उकिडवा बसून होता.

गेल्या साली उळं निघालं १ क्विंटल ६० किलो, यंदा २ क्विंटल ३५ किलो. थंडीही यंदा लांबली होती, सगळं श्रेय पेट्यांना देणार नाही. पण भाड्याचे सहा हजार सहज निघाले.

आणि एक, जे दादांच्या बिलात नव्हतं. बांधावरच्या बोरीला फुलोरी माशीचं, म्हणजे छोट्या रानमधमाशीचं, तळहाताएवढं पोळं लागलंय. मी लग्न होऊन आले तेव्हा अशी दोन-तीन तरी असायची. माझ्या मते हे काम पेट्यांचं नाही, त्या पारावरच्या बैठकीचं आहे. बांधावर तणनाशकही यंदा कुणी मारलं नाही.

पुढच्या साली याच दादांना बोलावणार. फक्त पेटी उघडून, फ्रेम मोजून मगच पैसे.