सर्जनशीलतेची चाचणी: कुणाला दार उघडते, कुणाला अडवते?

प्रज्ञावान मुलांसाठी वेगळा तास सुरू करायचा, जागा तीसच, मग मुलं निवडायची कशी? अशा बैठकांना मी बऱ्याचदा बसले आहे. चहा येईपर्यंत दोन तट पडलेले असतात. एक म्हणतो, शिष्यवृत्ती परीक्षेचे गुण आहेत की, कशाला उगाच नवीन खटाटोप! दुसरा म्हणतो, घोकंपट्टी पुरे, सर्जनशीलतेची चाचणी लावा, गरीब-श्रीमंत एका रांगेत येतील. दुसरं म्हणणं ऐकायला गोड आहे, पण अर्धंच खरं.

आधी शिष्यवृत्तीचं. ३०० गुणांत १०० गणिताचे, १०० बुद्धिमत्तेचे, उरलेले दोन भाषांचे. सराव संच आणि क्लास ज्याच्या आवाक्यात, त्याला फायदा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण एक गोष्ट तिच्या बाजूची: पर्यायांतलं बरोबर उत्तर ठरलेलं असतं, त्यामुळे पेपर कुणीही तपासला तरी गुण तेवढेच. हे कमी लेखू नका.

सर्जनशीलतेसाठी जगभर सर्वांत जास्त वापरली जाते ती मानसशास्त्रज्ञ टॉरन्स यांची चाचणी, १९६६ची, अमेरिकेतली. तिचा एक भाग शाब्दिक, एक चित्रांचा. चित्रांच्या भागात तीन कृती, प्रत्येकीला १० मिनिटं. भाषेची अडचण इथे बरीच कमी होते, म्हणून दोन्हींत निवडायचं तर मी डोळे झाकून चित्रांचा भाग घेईन. खुद्द टॉरन्स यांनीही १९७१ मध्ये तोवरच्या अभ्यासांवरून म्हटलं होतं की या चाचणीत वंश किंवा घरची परिस्थिती यांमुळे फारसा फरक दिसत नाही.

मग गोची कुठे होते? गुण देताना.

तिसऱ्या कृतीच्या एका प्रकारात समांतर रेषांच्या जोड्या छापलेल्या असतात. त्यांतून जमतील तेवढी वेगवेगळी चित्रं काढायची. एका मुलानं धडाधड बावीस काढली: शिडी, पेन्सिल, दार, ट्यूबलाइट. शेजारच्या मुलीची पाचच. तिचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. एका चित्रात तिनं दोन रेषांची ट्रॉली केली होती, तीत मोळ्या, मोळ्यांच्या आडोशाला निजलेलं बाळ आणि त्याच्यावर सावलीला बांधलेलं लुगडं, काठासकट. तपशिलाचे गुण तिला मिळाले, पण ओघात, म्हणजे उत्तरांच्या संख्येत, ती पार मागे पडली. शिवाय चित्रं जास्त असली की त्यांत एखादं अनोखं निघण्याची शक्यताही वाढते, म्हणजे मौलिकतेतही बावीसवालाच पुढे. मौलिक काय, हे ठरतं नेहमी येणाऱ्या उत्तरांच्या यादीवरून: यादीतलं असेल तर शून्य. यादी अमेरिकी मुलांच्या उत्तरांवरून केलेली. तिथे जे विरळा, ते आपल्याकडे घरोघरचं असू शकतं आणि उलटही. हल्ली काही क्लास ‘पटापट काढा, नेहमीचं टाळा’ असं शिकवतात. तेव्हा सरावानं फरक पडत नाही, हे विसराच.

आपल्याकडची म्हणायची तर भारतीय मानसशास्त्रज्ञ बाकर मेहदी यांची शाब्दिक चाचणी, १९७३ची. प्रश्न मला मनापासून आवडतात. शाळेला चाकं असती तर काय झालं असतं? दगडाचे, काठीचे, पाण्याचे वेगळे उपयोग सांगा. वाडीवरच्या पोराकडे काठीचे उपयोग शहरातल्यापेक्षा जास्तच निघतील. फक्त ते त्याला लिहून काढावे लागतात, तेही घड्याळाशी शर्यत लावून. आणि मूळ हिंदी प्रश्नांचं मराठी आपणच केलं, तर जुनी मानकं, म्हणजे गुण ज्यांच्याशी ताडून पाहायचे ते ठरलेले आकडे, त्याला लागू पडत नाहीत.

मग घ्यायची की नाही? घ्या, पण नाव घालायला, काढायला नव्हे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अशा तासांसाठी बौद्धिक क्षमता, शैक्षणिक संपादन, सर्जनशीलता आणि प्रेरणा या चारपैकी तीन निकष पुरे केले तरी चालतात. म्हणजे सर्जनशीलतेत मागे राहिलेलं मूल इतर तिन्हींवर येऊ शकतं, आणि गणितात अडखळलेलं मूलही चित्रांच्या आधारानं. नुसती सर्जनशीलतेची चाळणी लावणं मला शिष्यवृत्तीच्या गुणांइतकंच अन्यायाचं वाटतं.

आणि एक गोष्ट, जिच्यावर बैठकीत कुणी बोलतच नाही: चाचणीला बसवायचं कुणाला? फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड परगण्यात पूर्वी पालक किंवा शिक्षक नाव सुचवत. २००५ पासून दुसरीतल्या सरसकट सगळ्यांना अशाब्दिक चाचणी दिली गेली, तेव्हा निवड झालेल्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाची मुलं लक्षणीय वाढली. पुढे पैशांअभावी ते थांबलं आणि वाढही ओसरली. ती चाचणी सर्जनशीलतेची नव्हती, तरी मुद्दा आपल्यालाही लागू आहे. बाईंच्या डोळ्यांत भरतं ते हात वर करणारं मूल. ट्रॉली काढणारी मुलगी वर्गात तोंड उघडत नव्हती.

तेव्हा पैसे मोजकेच असतील, तर दोन महागड्या चाचण्यांऐवजी एकच घ्या, पण अख्ख्या इयत्तेची. उत्तरपत्रिका दोघांनी तपासाव्यात, एकमेकांचे गुण न बघता, आणि मुलाचं नाव झाकून. जिथे दोघांचे आकडे फार लांब पडतील, ती चित्रं टेबलावर ठेवून मुलाला बोलवा आणि विचारा, ‘हे काय काढलंयस रे?’