स्मूदीसाठी साधा मिक्सर आणि बुलेट ब्लेंडर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

दोन यंत्रं, नऊ महिने, आठवड्यातून पाच-सहा दिवस दोन-दोन ग्लास. एक ७५० वॅटचा नेहमीचा मिक्सर, दुसरा ४०० वॅटचा बुलेट ब्लेंडर, म्हणजे ग्लासला पातं लावून, तो उलटा करून दाबायचा प्रकार. आधीच सांगायचं तर घरात चांगला मिक्सर असेल तर स्मूदीसाठी वेगळं यंत्र घ्यायची घाई करू नका. गुठळ्या, फेस, कडवटपणा या तक्रारी बहुतेक वेळा भरण्याच्या क्रमातून आणि फळाच्या निवडीतून येतात.

क्रमाचंच आधी. मिक्सरच्या भांड्यात पातं तळाशी, म्हणून दूध-दही सर्वांत खाली, मग भिजवलेलं किंवा कुटलेलं कोरडं, मग मऊ फळ आणि वर गोठवलेलं फळ. बुलेटमध्ये हे सगळं नेमकं उलटं. ग्लास भरताना जे शेवटी पडतं तेच उलटवल्यावर पात्याला लागतं, म्हणून गोठवलेले तुकडे आधी आणि दूध शेवटी. बुलेटमध्ये डाळ्याचं पीठ शेवटी टाकलं की ते पात्याखाली लगद्यासारखं चिकटून बसतं आणि स्मूदी पिऊन झाल्यावर दिसतं.

एका मोठ्या ग्लासचं (साधारण ३५० मिली) रोजचं प्रमाण असं: गार दूध १५० मिली, दही १०० ग्रॅम, सोलून गोठवलेलं एक मध्यम केळं, पंढरपुरी डाळ्याचं पीठ २० ग्रॅम, भाजलेल्या दाण्याचा कूट १५ ग्रॅम. यातून सुमारे १७ ग्रॅम प्रोटीन मिळतं: दुधातून ५, दह्यातून ३, डाळ्यातून ४, दाण्यातून ४, उरलेलं केळ्याचं. आणखी हवं असेल तर २० ग्रॅम स्किम्ड दूध पावडर घाला, ७ ग्रॅम वाढतात आणि चवीला काही होत नाही. डाळं आणि दाणे आधी कोरड्या भांड्यात बारीक करून डब्यात ठेवा. आठवड्यापुरतेच, कारण कूट खवट व्हायला वेळ लागत नाही. अख्खे टाकले तर कितीही फिरवलं तरी दाताखाली रवा येतो. ओट्स वापरायचे असतील तर त्याच दुधात दहा मिनिटं भिजवा.

केळं पूर्ण पिकलेलं, सालीवर काळे ठिपके आलेलं घ्या. सोलून बोटाच्या पेरभर जाडीच्या चकत्या ताटलीत सुट्या पसरून तीन तास फ्रीझरमध्ये, मग पिशवीत. थेट पिशवीत भरल्या तर एकच ढेकूळ होतं आणि ते पात्यावर आदळतं. सालीसकट गोठवलेलं केळं सोलताना हाताची वाट लागते. गोठवलेल्या केळ्याने बर्फाची गरजच उरत नाही, आणि बर्फाने स्मूदी पाणचट होते ती होत नाही.

फळांत सर्वांत जास्त फसवणारी पपई आणि अननस. दोन्हींतली पाचकद्रव्यं दुधातलं प्रोटीन तोडतात आणि त्यातून कडवटपणा येतो. पिकलेल्या पपईची स्मूदी केल्या केल्या प्यायली तर चालते, पण डब्यात भरून ऑफिसला नेली की दुपारपर्यंत कडू. अननसाचा परिणाम याहून झपाट्याने होतो, आणि त्याचा आंबटपणा दूध फाडतो ते वेगळंच. उपाय सोपा: अननसाचे तुकडे थोड्या पाण्यात पाच मिनिटं उकळून, गार करून घ्या. उष्णतेने ते द्रव्य निकामी होतं. किवीलाही हेच लागू. चिकूच्या बिया काढाच, आणि अर्धवट पिकलेला वापरू नका, घसा धरतो. पेरूच्या बिया कुठल्याच घरगुती यंत्रात पूर्ण मोडत नाहीत, गाळणं आलंच. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हंगामात धुऊन, कोरडी करून गोठवली की उन्हाळाभर पुरते. डाळिंब मात्र दाणे काढून नुसतंच खावं. मिक्सरमध्ये त्याच्या बिया फुटून तुरटपणा येतो.

व्हे पावडर घालत असाल तर शेवटी घाला आणि पाच-सात सेकंदच फिरवा. सुरुवातीपासून फिरवली की अर्धा ग्लास फेस होतो. अननस-पपईचा नियम व्हेलाही तसाच लागू, कारण तेही दुधाचंच प्रोटीन. पण पावडर लागतेच असं नाही. आयसीएमआर-एनआयएन या देशाच्या सरकारी पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. वरच्या एका ग्लासातच त्यातला तिसरा हिस्सा येतो. त्याच संस्थेची २०२४ ची आहार मार्गदर्शिका प्रोटीन पावडर टाळायलाच सांगते. साखर, गूळ, खजूर यांचीही गरज पडत नाही, केळं पिकलेलं असलं की झालं.

आता यंत्रांकडे. मिक्सरमध्ये आधी दोन-तीनदा पल्स (क्षणभर चालू करून लगेच बंद), मग मधल्या वेगावर ३० सेकंद, शेवटी वरच्या वेगावर १५ सेकंद. फिरवताना आवाजाकडे कान ठेवा. घरघर जाऊन एकदम उंच, मोकळा आवाज आला की समजा पात्याभोवती हवेची पोकळी झाली आहे आणि फळ भिंतीला चिकटून बसलंय. बंद करून चमच्याने खाली ढकला, दोन चमचे दूध घाला. तसंच चालू ठेवलं तर स्मूदी कोमट होते आणि मोटर तापते. मिक्सर अचानक बंद पडला तर पाच-दहा मिनिटं गार होऊ द्या आणि खालचं लाल बटण दाबा, बहुतेक वेळा तेवढ्याने चालू होतो.

बुलेटचा फायदा एकच, त्याच ग्लासातून पिता येतं. सलग ४०-४५ सेकंदांच्या वर चालवू नये, मध्ये मिनिटभर थांबावं. सहाव्या महिन्यात त्याच्या कपलरचे, म्हणजे मोटरची गती पात्याला देणाऱ्या जोडाचे, दात झिजले: मोटर फिरते, पातं जागेवर, आणि जळक्या रबराचा वास. कारण गोठवलेले तुकडे कमी दुधात फिरवणं. दूध आणि गोठवलेलं फळ निदान सारख्या मापाचं हवं. त्यात काहीही गरम भरू नका, बंद ग्लासात वाफेचा दाब वाढतो.

चटणीचं भांडं स्मूदीला वापरू नका, लसणाचा वास रबरी रिंगमध्ये मुरलेला असतो. पिऊन झालं की लगेच अर्धं भांडं पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून दहा सेकंद पल्स. वाळलेलं केळं नंतर घासून निघत नाही. रिंग आठवड्यातून एकदा काढून खालची खाच जुन्या टूथब्रशने साफ करा, आंबूस वास तिथूनच येतो. आणि भांड्याच्या बुडाशी, दांड्याभोवती काळपट ओल दिसू लागली तर त्या भांड्यात स्मूदी करणं त्याच दिवशी थांबवा. आतलं बुश (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) आणि सील झिजलेलं असतं, ती काळी घाण वरही चढते. दुरुस्तीच्या दुकानात दोन्ही एकदमच बदलून घ्या.