कूलर गार, पण बूच इंचभर वर

साठ लिटरची टाकी, हनीकोंब जाळी, मेनरोडवरच्या दुकानातून घेतलेला. हवा झकास. इंदिरानगरातलं आमचं वरच्या मजल्याचं घर एप्रिलात दुपारी नुसतं तापतं, पण खिडकीत हा लावला की तासाभरात डुलकी लागते. आवाज आहे, चालतो. तक्रार पाण्याची.

आमच्याकडे बोअरचं पाणी. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ६५० च्या आसपास, म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम. बॉलकॉकमुळे (पाणी कमी झालं की नळ उघडणारा तरंगता गोळा) टाकी आपोआप भरत राहते, आणि गोम तिथेच आहे. उडून जातं ते निव्वळ पाणी, क्षार टाकीतच. वरून नवे क्षार येतच असतात. आठवडा उलटायच्या आत मीटर २,५०० च्या वर!

मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे हे बघून मृत समुद्रच आठवला. जॉर्डन नदी आत येते, बाहेर पडायला वाट नाही, ऊन फक्त पाणी उचलतं. हजारो वर्षं हेच चाललंय, म्हणून तिथे लिटरमागे सुमारे ३४० ग्रॅम क्षार. साध्या समुद्रात ३५. गंगापूर धरणाचं पाणीही मे महिन्यात उडतंच की, पण तिथले क्षार गोदावरी पुढे घेऊन जाते.

जाळीवर पांढरी खरपुडी धरते. व्हिनेगर टाकलं की फसफसते, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आटताना आधी तेच बाहेर पडतं, सोडियम आणि उरलेलं कार्बोनेट, म्हणजे सोडाच, विरघळलेलंच राहतं. लोणार सरोवराचं पाणी खारट तर आहेच, वर सोड्यासारखं अल्कलीही, त्यामागे हेच कारण. जून २०२० मध्ये तिथलं पाणी घटलं, खारटपणा वाढला आणि मिठात वाढणारे सूक्ष्मजीव माजून सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून तसं सांगितलं.

तर उपाय एकच, टाकी अधूनमधून पूर्ण रिकामी करायची. पण पाणी सोडायचं बूच तळापासून इंचभर वर! उघडलं तरी पाच-सहा लिटर खारट पाणी उरतंच आणि नवं पाणी त्यातच पडतं. पूर्ण काढायचं तर भरला संसार उचलल्यासारखा कूलर तिरका करा. दुकानदार म्हणाला, "मॅडम, जाळी दरवर्षी बदलायचीच असते." मग बूच शोभेला दिलंय का?

गारव्याला साडेचार तारे, बुचाला एक. नळाचं पाणी असेल तर खुशाल घ्या. बोअरवाल्यांनी आधी दुकानातच वाकून बूच कुठे आहे ते बघावं.